चौदावा दिवस आला कुठून? लांबणारी पाळी आणि बाळाची वाट

आमच्या बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाला ‘धाकटी पंढरी’ म्हणतात. संत नगद नारायण महाराजांचं हे स्थान. एकादशी आली की आसपासच्या गावांतली माणसं गडाची वाट धरतात. त्या भागातून दवाखान्यात येणाऱ्या बायकांना पाळीची तारीख विचारली तर इंग्रजी महिना क्वचितच सांगतात. “मागल्या एकादशीच्या आदल्या दिवशी” असं उत्तर येतं. सुरुवातीला मला कॅलेंडर काढून शोधावं लागायचं. आता सवय झाली आहे. खरं तर हा हिशोब फार सोयीचा आहे, ते पुढे सांगतो.

काही वर्षांपूर्वी अशीच एक मुलगी सासूबरोबर आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वय पंचविशीच्या आसपास, लग्नाला पाच वर्षं, मूल नाही. दिवाळीच्या सुमारास नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची, उन्हाळ्यात परत यायची. पाळीचं विचारल्यावर म्हणाली, “कधी तिसऱ्या एकादशीला येती, कधी चौथ्या.” म्हणजे ४५ ते ६० दिवसांनी. तिच्या पिशवीत कागदांचा जाड गठ्ठा होता. एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘१२ ते १६ व्या दिवशी संबंध ठेवणे’. दुसऱ्या कागदावर २१ व्या दिवशी केलेली रक्ततपासणी होती आणि त्याखाली शेरा, ‘स्त्रीबीज तयार होत नाही’. दोन वर्षं त्या नवराबायकोने तो सल्ला इमानेइतबारे पाळला होता.

सासूबाईंनी विचारलं, “साहेब, हिची पिशवीच खराब हाय का? थोरलीची काढून टाकली, तसंच करावं लागंल का?”

ती चिठ्ठी वाचून मी कुणाला नावं ठेवली नाहीत, कारण प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षांत मीही कितीतरी जणींना हाच सल्ला दिला आहे. पुस्तकात २८ दिवसांच्या पाळीचं चित्र असतं, त्यात चौदाव्या दिवशी स्त्रीबीज बाहेर पडताना दाखवलेलं असतं. ते चित्र आमच्या डोक्यात घट्ट बसतं. म्हणून आज या चौदाव्या दिवसाचा इतिहास सांगतो. तो कळला की लांबणाऱ्या पाळीची निम्मी भीती जाते.

सोळा रात्रींचा हिशोब

मूल राहण्याचे दिवस कोणते, हा प्रश्न फार जुना आहे. आपल्याकडे त्याला ‘ऋतुकाळ’ असा शब्द होता. सुश्रुताने ऋतुकाळ बारा रात्रींचा सांगितला, तर मनुस्मृतीत तो सोळा रात्रींचा आहे आणि त्यातल्या पहिल्या चार रात्री वर्ज्य आहेत. सम रात्रीला मुलगा आणि विषम रात्रीला मुलगी, ही समजूतही तिथलीच. तिला शास्त्रीय आधार नाही.

हा हिशोब पाळी सुरू झाल्यापासून पुढे मोजायचा आहे. जिची पाळी २८ दिवसांनी येते तिच्या बाबतीत तो बऱ्यापैकी जुळतो, कारण तिचं स्त्रीबीज साधारण चौदाव्या दिवशी बाहेर पडतं. पण जिची पाळी ४५ दिवसांनी येते, तिचे सोळा दिवस संपतात तेव्हा बीजकोषात तयारी जेमतेम सुरू झालेली असते.

युरोपात तर बराच काळ उलटाच प्रकार होता. सस्तन प्राण्यांच्या स्त्रीबीजाचा शोध कार्ल फॉन बेअर यांनी १८२७ मध्ये लावला, पण ते केव्हा बाहेर पडतं हे कुणाला माहीत नव्हतं. कुत्रीला माजावर असताना रक्तस्राव होतो आणि त्याच सुमारास ती गाभण राहते, यावरून एकोणिसाव्या शतकातल्या अनेक डॉक्टरांनी ठरवून टाकलं की बाईलाही पाळीच्या आगेमागेच दिवस जातात आणि मधले दिवस ‘सुरक्षित’ असतात. म्हणजे जे दिवस खरोखर मूल राहण्याचे, तेच सुरक्षित म्हणून सांगितले जात होते.

मागून मोजणारा डॉक्टर

हे कोडं सुटलं १९२० च्या दशकात. जपानमधल्या निगाता शहरात क्युसाकू ओगिनो नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. इतर कारणांसाठी पोटाचं ऑपरेशन करताना ते बीजकोष नीट पाहून ठेवत. स्त्रीबीज नुकतंच फुटलं आहे, की फुटायचं आहे, की फुटून काही दिवस झाले आहेत, याची नोंद करत. आणि त्या बाईची पुढची पाळी केव्हा आली, याचीही नोंद करत. बाकीचे संशोधक मागच्या पाळीपासून पुढे मोजत होते. ओगिनोंनी पुढच्या पाळीपासून मागे मोजलं आणि आकडे जुळले. १९२४ मध्ये त्यांनी मांडलं की पाळी कितीही दिवसांची असो, स्त्रीबीज बाहेर पडतं ते पुढच्या पाळीच्या १२ ते १६ दिवस आधी. त्याच दशकाच्या शेवटी ऑस्ट्रियाचे हेर्मान क्नाउस स्वतंत्रपणे जवळपास याच निष्कर्षाला आले.

याचं कारण आज आपल्याला माहीत आहे. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर मागे राहिलेल्या पेशींचा एक पिवळसर गोळा बनतो. तो प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार करतो. गर्भ राहिला नाही तर हा गोळा साधारण दोन आठवड्यांत सुकतो आणि पाळी येते. म्हणून पाळीचा दुसरा भाग बहुतेक बायकांत जवळपास सारखाच असतो. पाळी लांबते तेव्हा लांबतो तो पहिला भाग, म्हणजे स्त्रीबीज पिकण्याचा काळ.

आता एकादशीकडे परत येऊ. दोन एकादशींमध्ये १४-१५ दिवसांचं अंतर असतं. चंद्राचा आणि पाळीचा काही संबंध नाही, पण मोजायला हे माप छान आहे. स्त्रीबीज बाहेर पडतं ते येणाऱ्या पाळीच्या साधारण एक एकादशी आधी. जिची पाळी दुसऱ्या एकादशीच्या सुमारास येते, तिचं बीज पहिल्या एकादशीच्या आसपास. जिची पाळी तिसऱ्या एकादशीला येते, तिचं दुसऱ्या एकादशीच्या आसपास, म्हणजे सुमारे तिसाव्या दिवशी. माझ्या त्या पेशंटला १२ ते १६ हे दिवस दिले होते. तिची वेळ यायच्या आधीच तिची परीक्षा संपत होती. आणि २१ व्या दिवशीची ती रक्ततपासणी? प्रोजेस्टेरॉन तपासायचं ते पुढची पाळी अपेक्षित असते त्याच्या आठवडाभर आधी. २८ दिवसांच्या पाळीत तो दिवस २१ वा येतो. ४५ दिवसांच्या पाळीत तो ३८ वा असतो. २१ व्या दिवशी तपासून ‘बीज तयार होत नाही’ म्हणणं म्हणजे पेरणीच्या आधीच पीक बुडालं म्हणण्यासारखं.

मराठीतलं गणित आणि मण्यांची माळ

आपल्याकडे या विषयावर उघड बोलणं सोपं नव्हतं. र. धों. कर्वे हे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं, या कामापायी नोकरी सोडली, आणि जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. कर्व्यांचा मुख्य विषय नको असलेलं मूल टाळणं हा होता. पण नको असलेलं मूल टाळायचं असो की हवं असलेलं मूल व्हायचं असो, शरीराचं ज्ञान एकच लागतं. ते मराठीत लिहिण्यासाठी एका माणसाला कोर्टाची पायरी चढावी लागली, हे विसरू नये.

स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांच्या काळात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने एक प्रयोग झाला. न्यूयॉर्कचे डॉ. अब्राहम स्टोन त्यासाठी भारतात आले. म्हैसूर राज्यातलं रामनगरम आणि दिल्लीची लोधी कॉलनी इथल्या बायकांना दिवस मोजण्यासाठी रंगीत मण्यांच्या माळा दिल्या गेल्या. रोज एक मणी सरकवायचा, रंग पाहून दिवस सुरक्षित की धोक्याचा ते ओळखायचं. हा प्रयोग काही देशभर रुजला नाही. अनेक अडचणी होत्या, पण एक मुळातली होती. ज्या बाईची पाळी एकदा ३० दिवसांनी आणि एकदा ५० दिवसांनी येते, तिच्या माळेत मणी किती ओवायचे?

पुढे अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठाने अशीच ३२ मण्यांची माळ तयार केली. भारतात ती ‘माला चक्र’ नावाने आली. या वेळी मात्र सूचना स्पष्ट होती. पाळी २६ ते ३२ दिवसांनी येत असेल तरच ही माळ वापरा. हिशोबाचा नियम सगळ्यांना लागू नाही, हे मान्य व्हायला पन्नास वर्षं गेली.

१९९५ मध्ये अमेरिकेतल्या २२१ स्त्रियांच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पक्की झाली. दिवस राहतात ते स्त्रीबीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच, अशा सहा दिवसांतल्या संबंधातून. पुरुषबीज स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतं, स्त्रीबीज जेमतेम एक दिवस. याच स्त्रियांच्या नोंदींतून पुढे असंही दिसलं की हे सहाही दिवस पुस्तकातल्या १० ते १७ या तारखांत बसणाऱ्या बायका सुमारे ३० टक्केच होत्या. म्हणजे पाळी नियमित असणाऱ्यांनाही चौदावा दिवस फार मानवतो असं नाही.

दोष पिशवीचा नाही

आता मुळाकडे. पाळी इतकी लांबते का? थायरॉइड कमी असणं, प्रोलॅक्टिन वाढणं, वजन फार वाढणं किंवा फार कमी होणं, अंगमेहनत जास्त आणि पोटात अन्न कमी, अशी अनेक कारणं आहेत. पण सर्वांत जास्त आढळणारं कारण म्हणजे पीसीओएस.

१९३५ मध्ये शिकागोच्या अर्विंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेन्थॉल यांनी सात बायकांची हकिगत प्रसिद्ध केली. सातही जणींचे बीजकोष मोठे झालेले, पाळी येईनाशी झालेली. त्यांनी बीजकोषाचा पाचरीसारखा तुकडा काढला. सातही जणींची पाळी सुरू झाली आणि दोघींना दिवस गेले. म्हणजे बीज देण्याची क्षमता या बायकांत होतीच, फक्त ती अडून बसली होती.

सोनोग्राफीत ‘गाठी’ लिहून येतात म्हणून पेशंट घाबरतात. त्या कॅन्सरच्या किंवा कापून काढायच्या गाठी नसतात. ती पिकता पिकता थांबलेली छोटी छोटी बीजं असतात. मेंदूकडून येणारे संदेश आणि इन्सुलिन यांचं संतुलन बिघडलं की एकही बीज पूर्ण पिकत नाही, किंवा फार उशिरा पिकतं. गर्भाशय बिचारं यात कुठेच दोषी नसतं. त्याला हुकूम उशिरा मिळतो, म्हणून पाळी उशिरा येते.

ऑपरेशनची गरज कमी केली ती गोळ्यांनी. १९६१ मध्ये डॉ. रॉबर्ट ग्रीनब्लॅट यांनी क्लोमिफीनने स्त्रीबीज तयार होतं हे दाखवलं आणि १९६७ मध्ये अमेरिकेत ते मंजूर झालं. २००१ मध्ये टोरांटोच्या डॉ. मितवाली आणि डॉ. कॅस्पर यांनी स्तनाच्या कॅन्सरसाठी वापरलं जाणारं लेट्रोझोल या कामासाठी वापरून पाहिलं. पुढे त्याने बाळात व्यंग येतं अशी शंका निघाली आणि २०११ मध्ये भारत सरकारने वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर बंदी घातली. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत ती भीती खरी ठरली नाही. २०१४ मध्ये पीसीओएसच्या ७५० स्त्रियांवरचा अमेरिकन अभ्यास आला. लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के जणींना जिवंत मूल झालं, क्लोमिफीन घेणाऱ्यांपैकी १९.१ टक्के जणींना. २०१७ मध्ये आपल्याकडची बंदी उठली. आज पीसीओएसमध्ये स्त्रीबीज तयार होण्यासाठी हेच पहिल्या पसंतीचं औषध आहे.

आणि आमचा जिल्हा

हे सगळं जगात घडत असताना आमच्या जिल्ह्याचं नाव वेगळ्याच कारणाने गाजलं. २०१९ मध्ये विधान परिषदेत माहिती दिली गेली की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत गर्भाशय काढण्याची ४,६०५ ऑपरेशनं झाली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं.

कारणं एकात एक गुंतलेली आहेत. मुकादमाची उचल घेतलेली, खाडा झाला की पैसे कापले जातात, फडात ना पाणी ना आडोसा. पाळी, अंगावरून जाणं, कंबरदुखी ही सगळीच अडचण वाटू लागते. त्यात कुणीतरी कॅन्सरची भीती घालतं. ‘पिशवी काढली की कटकट गेली’ हा विचार घराघरांत पोचतो. यातल्या बहुतेक बायकांना आधी मुलं झालेली होती. पण त्या विचाराची सावली पुढच्या पिढीवर पडते. पाळी नीट येत नाही म्हणजे पिशवी खराब, हे समीकरण पाठ झालेलं असतं. म्हणून जिला मूल हवं आहे तिच्या सासूलाही पिशवी काढण्याचं सुचतं. त्या माउलीचा हेतू वाईट नव्हता. तिने आजूबाजूला हाच एक उपाय पाहिला होता.

मग करायचं काय?

मी माझ्या पेशंटना सांगतो ते थोडक्यात असं.

१. पाळी ३५ दिवसांपेक्षा जास्त अंतराने येत असेल, किंवा वर्षातून आठपेक्षा कमी वेळा येत असेल, आणि मूल हवं असेल, तर ‘वर्षभर वाट पाहा’ हा नियम तुमच्यासाठी नाही. लगेच दाखवा. पाळी चुकली तर आधी प्रेग्नन्सी टेस्ट करा. तीन महिने पाळी आलीच नाही तर मूल हवं असो वा नसो, डॉक्टरकडे जा.

२. पाळीचा पहिला दिवस लिहून ठेवा. तिथी चालेल, एकादशी चालेल, मोबाइल चालेल. सहा महिन्यांच्या नोंदी कुठल्याही महागड्या तपासणीइतक्या कामाच्या असतात. मोबाइलचं ॲप मात्र अंदाज सांगतं, तो पक्का धरू नका.

३. पाळी अनियमित असेल तर दिवस मोजत बसण्यापेक्षा पाळी संपल्यापासून दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवणं सोपं आणि खात्रीचं. लघवीवर तपासायचे ओव्ह्युलेशन किट पीसीओएसमध्ये कधी कधी चुकीचं ‘होय’ दाखवतं, म्हणून त्यावर एकट्यावर विसंबू नका.

४. नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्याच टप्प्यात करा. साधी, स्वस्त तपासणी आहे. ती न करता बाईला वर्षानुवर्षं औषधं देणं हा अन्याय आहे.

५. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर, हिमोग्लोबिन आणि एक सोनोग्राफी, एवढ्यावर बऱ्याच गोष्टी कळतात. फॉलिक ॲसिडची गोळी आतापासूनच सुरू करा.

६. वजन जास्त असेल तर पाच ते दहा टक्के कमी केल्यानेही अनेकींची पाळी सुधारते. पण उसाच्या फडात राबून अंगावर मांस नसलेल्या बाईला ‘वजन कमी करा’ सांगू नये. तिला पोटभर आणि चांगलं खायला हवं.

७. क्लोमिफीन, लेट्रोझोल मेडिकलवरून आपल्या मनाने घेऊ नका. जुळी-तिळी राहण्याचा धोका असतो, आणि बीज पिकतं आहे का हे सोनोग्राफीने पाहावं लागतं. पाळी लांबणाऱ्या बहुतेक जणींना टेस्ट ट्यूब बेबीपर्यंत जावं लागत नाही.

८. मूल हवं असताना कुणी गर्भाशय काढायला सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेतल्याशिवाय सही करू नका.

त्या मुलीला थायरॉइडचा त्रास निघाला, सोबत पीसीओएसही होतं. नवऱ्याची तपासणी चांगली आली. थायरॉइडची गोळी मी सुरू केली, पण स्त्रीरोगतज्ज्ञांकडची औषधं लगेच सुरू करता आली नाहीत, कारण हंगाम चालू होता आणि फडातून सोनोग्राफीला यायचं म्हणजे खाडा. ते उन्हाळ्यात परत आल्यावर पुढचे उपचार झाले. पाळी आधी चाळीस दिवसांवर आली, मग पस्तीसवर. दिवाळीच्या थोडं आधी तिला दिवस गेले आणि त्या वर्षी ती उसाला गेली नाही. प्रत्येकीचं असं होतंच असं मी म्हणणार नाही. काहींना जास्त वेळ लागतो, काहींना वेगळे उपचार लागतात.

सासूबाई नंतर एकदा गडावरून येताना प्रसाद घेऊन आल्या. सोबत त्यांची भाची होती. म्हणाल्या, “हिची बी पाळी लांबती. पण आम्ही लिहून आणलंय.” भाचीच्या हातातल्या वहीच्या पानावर एकादशींच्या तिथींखाली सात महिन्यांच्या खुणा होत्या, आणि बाहेर बाकावर तिचा नवरा बसला होता.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. उपचार आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत.)